पुड्यावरचा फोटो

नाशकात जाहिरात आधी तोंडी झाली असणार. मुंबईकडून गाडी आली, नाशिकरोडला थांबली, की तीर्थोपाध्यायांची माणसं डब्याशी उभी. "गाव कोणतं? आडनाव काय?" आडनाव जुळलं की पुढची सोय आपोआप. राहायचं कुठे, पिंडदान कुणी करायचं, रामकुंडावर कोणत्या बाजूनं उतरायचं. बाडात बांधलेल्या वह्या निघत, आणि तुमच्याच पणजोबांनी कधीकाळी मोडीत केलेली सही समोर येई. गिऱ्हाइकाच्या पूर्वजाचीच साक्ष काढून दाखवणं, याहून भक्कम जाहिरात मला ठाऊक नाही. वर्तमानपत्रात छापून येणारी 'हजारो प्रशस्तिपत्रं' तिच्यापुढे फिकी.

स्टेशनापासून गावात यायला १८८९च्या सुमारास घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३०नंतरच्या दोनतीन वर्षांत बंद पडली. त्या ट्राममधून उतरलेला यात्रेकरू मेनरोडवरून गंगेवर जाई (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) आणि परत जाताना भांडी बाजारातून तांब्याची गडू घेई, गंगेचं पाणी भरून, तोंड डाख लावून बंद केलेली. तांबटांना पाटी लावायची गरज नव्हती. ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

छापील जाहिरातीचा खरा उस्ताद मात्र त्र्यंबकेश्वरात जन्मला. दादासाहेब फाळके. १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा पाचसहा तासांची नाटकं बघायची सवय असलेल्या लोकांना हा तासाभराचा मूक खेळ महाग वाटणार, हे त्यांनी ओळखलं. मग जाहिरात केली ती अशी: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं तीन आण्यांत. कलेबद्दल एक शब्द नाही. लांबी आणि नग. बाजारात कापड मोजून घेणाऱ्या माणसाशी त्याच्याच मापात बोलणं. त्याच वर्षी त्यांनी कंपनीचा मुक्काम नाशकात हलवला. फाळक्यांना हे सुचलं याचं मला फारसं नवल वाटत नाही, कारण चित्रपटाआधी ते छपाईतले होते. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछापाचं काम केलं होतं, स्वतःचा छापखानाही काढला होता. आणि त्या काळात शिळाछापाच्या दगडावरून देवांच्या तसबिरींइतकीच आणखी एक गोष्ट निघत होती, ती म्हणजे लेबलं. कापडाच्या ताग्यावरची, काडेपेटीवरची, तेलाच्या बाटलीवरची. आणि विडीच्या पुड्यावरची.

हा सगळा लेख खरं तर त्या लेबलाबद्दल आहे.

माझ्या एका मित्राकडे जुन्या विडी लेबलांची वही आहे. त्याच्या वडिलांची पानाची गादी होती, तिथे पुडे फोडताना त्यांनी ती जपून सोडवून ठेवली. तळहाताएवढा कागद. लाल, पिवळा, हिरवा, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणून कडा थोड्या सरकलेल्या. एखाद्या मोराची निळाई मानेबाहेर सांडलेली. मोर, घोडा, वाघ, हत्ती, लक्ष्मी, गणपती, चाक, कंदील. आणि मधोमध गोल चौकटीत मालकाचा फोटो. काळी टोपी किंवा फेटा, बंद गळ्याचा कोट, राखलेली मिशी, नजर थेट गिऱ्हाइकावर रोखलेली. खाली मजकूर साधारण एकाच वळणाचा: आमचा फोटो व सही पाहून घेणे, नकली मालापासून सावध राहणे, उत्तम तंबाखू व निवडक पान.

मालकानं स्वतःचा चेहरा पुड्यावर का छापावा? हौस हे उत्तर मला पुरत नाही. १९३१च्या जनगणनेत देशात वाचता येणाऱ्यांचं प्रमाण दहात एकाहूनही कमी होतं. विडी ओढणाऱ्यांत ते त्याहून खाली असणार. गिऱ्हाईक नाव वाचत नव्हतं, चित्र ओळखत होतं. 'मोर छाप दे' म्हणत होतं. म्हणजे चित्र हीच मालमत्ता. पण त्या मालमत्तेला कायद्याचं नीट कुंपण नव्हतं. नकली छाप मारून फसवणाऱ्याला शिक्षा देणारा १८८९चा कायदा होता, पण छाप नोंदवून आपल्या नावावर करायची सोय १९४०च्या ट्रेडमार्क कायद्यानं आली, आणि तो लागू झाला १ जून १९४२ला. तोवर व्यापारी काय करत? नोंदणी कचेरीत जाऊन 'हा छाप आमचा आहे' असं प्रतिज्ञापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात इशारा छापून आणत. जुन्या अंकांत 'सावधान! जाहीर सूचना' अशा ज्या चौकटी दिसतात त्यांतल्या पुष्कळशा जाहिराती नाहीतच, ते कुंपण घालणं आहे. मोराला मोर काढणारे निघतात, दोन मोरांना तीन मोर काढणारेही निघतात. मालकाचा चेहरा मात्र उचलणं जरा अवघड. म्हणून फोटो.

या लेबलांवर १९०५नंतर आणखी एक गोष्ट आली, स्वदेशी. परदेशी सिगारेटवर बहिष्कार पुकारला गेला आणि विडीला अचानक प्रतिष्ठा मिळाली. पान इथल्या जंगलातलं, तंबाखू निपाणीकडचा नाहीतर गुजरातेतला, दोरा आणि हात इथलेच. यंत्र नाहीच. १९२०-२१च्या असहकारात तर सिगारेट टाकून विडी शिलगावणं हे देशकार्य ठरलं. पुड्यावर चरखा आला, पुढारी आले. गांधींचं नाव नि चित्र कुणीतरी सिगारेटवरही लावलं, तेव्हा ते भडकले. जानेवारी १९२१मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिलं की माझ्या नावाचे जे जे गैरवापर झाले त्यांत सिगारेटशी नाव जोडण्याइतकं मानहानिकारक दुसरं काही नाही. विडी-सिगारेट दोन्ही त्यांना वर्ज्य होत्या. पण बाजार इतका बारकावा पाळत नाही. स्वदेशीचा धूर असो की परदेशीचा, त्याला पुडा विकायचा होता.

तर पुड्यावर सगळे होते: देव, देश, मोर, मालक. आता जो नव्हता त्याच्याकडे, किंवा खरं तर तिच्याकडे.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की पहिलं मोठं गाव सिन्नर. गोंदेश्वराच्या देवळासाठी लोक तिथे थांबतात, आणि पूर्वी आणखी एका गोष्टीसाठी सिन्नर ओळखलं जाई, विडीसाठी. तालुका अवर्षणाचा. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर सांडून इथे कोरडे ढग पाठवतो. जमीन पिकवायची तर पाणी नाही, माग होते ते गिरणीच्या कापडापुढे थंडावत गेले. अशा गावात विडीचा धंदा रुजतो याचं कारण सरळ आहे. त्याला पाणी लागत नाही, वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, जागासुद्धा लागत नाही. ओटा पुरतो. लागतात ते फक्त हात, आणि रिकामे हात दुष्काळी तालुक्यात मुबलक.

माझ्या वडिलांची चुलत बहीण, आमची आत्या, सिन्नरची. लहानपणी तिच्याकडे गेलं की उंबऱ्याच्या आत तीनचार बायका पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसत. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं. शिरा जाड असल्या तर खरवडायच्या. मग चिमूटभर जर्दा, मोजायचा नाही, बोटांना कळतो. एक गुंडाळी, वरचं तोंड नखानं किंवा लोखंडी काडीनं आत मुडपायचं, खाली दोऱ्याचे दोन वेढे. माझी नजर ठरायच्या आत दुसरी विडी सुरू. पंचवीस झाल्या की जुडी. आपट्याच्या पानाच्या विड्याही पूर्वी होत्या, पण तेंदू मऊ, लवकर तुटत नाही, आणि मध्यप्रांताच्या जंगलांतून रेल्वेनं पोत्यांनी येऊ लागला, तसा आपटा दसऱ्यापुरता उरला.

मजुरी हजारावर. पानं नि तंबाखू कारखान्यातून तोलून मिळे, संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या. इथवर व्यवहार स्वच्छ वाटतो. पण पान तोलून देतात आणि विडी मोजून घेतात, यातच सगळी मेख आहे. ठरलेल्या वजनात किडकी, भोकं पडलेली, वाळून कडक झालेली पानंही असत. हजार विड्या त्यातूनच काढायच्या. कमी पडलं तर पदरचे पैसे घालून पान आणायचं, नाहीतर फर्मा थोडा कडेला सरकवून पान वाचवायचं. पान वाचवलं की विडी बारीक होते. आणि बारीक विडी छाटेत जाते.

छाट म्हणजे नापास विड्या. गादीवर तपासणारा बसलेला असे. तो जुडी हातात घेई, बोटांनी दाबी, एकदोन सोडून बघे, आणि न आवडलेल्या बाजूला टाकी. त्या विड्यांची मजुरी नाही. हजारात पन्नास छाटल्या तर ऐकायला काही वाटत नाही. पण वीस हजार वळले की एक हजार फुकट गेलेले असतात. दर तोच राहतो, कुठे कपातीची नोटीस नाही, कागदावर कुणी कुणाचं काही कमी केलेलं नाही.

आत्या याबद्दल एकदाच बोलली. तेही मी खोदून विचारलं म्हणून. "पान बी त्यांचं, तमाखू बी त्यांचा. हजार झाल्या का तेबी त्यांच्याच. पन खराब निघाली का ती इडी माझी."

आता पुन्हा तो पुडा बघा. उत्तम तंबाखू व निवडक पान. प्रत्येक विडी पारखून घेतलेली. ही जाहिरात खोटी नव्हती, हीच तर गोम आहे. पारख होत होती, रोज होत होती. फक्त त्या पारखीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हे लेबलावर छापलेलं नव्हतं. मालकानं गिऱ्हाइकाला जो शब्द दिला, तो पाळायचा भार वळणाऱ्या बाईवर होता. नाव जितकं मोठं तितकी तपासणी कडक, तपासणी जितकी कडक तितकी छाट जास्त. पारखीचा पैसा मालक देत असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. धंद्यात माल नीट असावाच लागतो.

आणि छाटलेल्या विड्यांचं काय होई? १९४४ साली सरकारनं कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला रेगे समिती नेमली. तिनं विडी धंद्यावर १९४६मध्ये वेगळा अहवाल काढला. छाट, वजनात कमी पानं, मध्ये बसलेले ठेकेदार, कोंदट खोल्या, लहान मुलं, ही धंद्याची जुनी दुखणी तिनं तपासली. छाटलेल्या विड्यांची मजुरी तर बुडेच, पण त्या वळणाऱ्याला परत मिळतीलच असंही नसे. मी सिन्नरला एका म्हाताऱ्या तपासणाऱ्या गृहस्थांना, बरीच ओळख झाल्यावर, विचारलं होतं की त्या विड्या तुम्ही फेकून देत होतात का. ते हसले. "फेकायच्या कशाला? भट्टीत शेकल्या की सगळ्या सारख्याच दिसतात." मग थोडं थांबून म्हणाले, "मीसुद्धा पगारीच होतो हो. छाट कमी निघाली की मला बोलणी बसायची." हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तो गादीवर बसलेला माणूस मालकाच्याच बाजूचा होता.

यावर भांडायचं कसं?

नाशिक जिल्ह्याला संप काही परका नव्हता. रेल्वेचा जिल्हा हा, इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड. १८९९च्या मे महिन्यात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या तारायंत्रावरच्या सिग्नलरांनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला तेव्हा टिळकांनी 'केसरी' नि 'मराठा'तून महिनोन्महिने त्यांची बाजू लढवली, फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा निधी जमवत होते. फेब्रुवारी १९३०मध्ये त्याच रेल्वेच्या कामगारांचा मोठा संप झाला आणि दोन महिन्यांवर चालला. तो चालू असतानाच, २ मार्चला, पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, एक माणूस रूळावरून बाजूला होत होता आणि दुसरा देवळाच्या दारात जाऊन बसत होता.

पण रेल्वेच्या माणसानं हात थांबवला की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की मुंबईला कळतं. गिरणीला दरवाजा असतो, त्या दरवाजात उभं राहता येतं. आपल्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या बाईनं हात थांबवला तर काय थांबतं? तिची चूल. कारखान्याला कळतसुद्धा नाही, कारण कारखाना म्हणजे एक गोदाम, एक भट्टी आणि एक गादी. वळणारे हात गावभर विखुरलेले. शेजारणीनं पानं घेतली की संप मोडला. बरं, शेजारणीला दोष तरी कसा द्यायचा? तिच्याही घरी संध्याकाळी तेच विचारणारी तोंडं होती.

विडी कामगारांची संघटना उभी करणं किती अवघड असेल, याचा विचार केला की मला नेहमी कामठीचे बाबू हरदास आठवतात. नागपूरजवळच्या त्या गावी त्यांनी विडी मजुरांचा संघ बांधला. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. विडीचं काम मात्र क्वचित कुणी सांगतं. १९०४ ते १९३९, अवघी पस्तीस वर्षांची आयुष्याची दोरी. अभिवादन देशभर गेलं, विडी कामठीतच राहिली.

फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. डॉ. आंबेडकर तिथे बोलले, आणि या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही, हे त्यांचं वाक्य त्याच भाषणातलं. ते वाक्य सगळे सांगतात. मला त्या भाषणातला एक साधा तपशील जास्त भिडतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन होऊ शकत होता, पण पोर्टर म्हणून त्याला घेत नसत. कारण छोट्या स्टेशनात पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करी, पाणी भरी. म्हणजे कंपनीची नोकरी कुणाला मिळणार हे मास्तरच्या घरचा माठ ठरवत होता. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणायच्या खात्यातही हेच, धोट्याचं सूत तोंडानं ओढावं लागे म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. कामगार एक व्हा हे म्हणणं सोपं आहे. एका सुताला दोन तोंडं लागू न देणाऱ्या समाजात ते कानावर घ्यायलाच वेळ लागतो.

कायद्यांचं बोलायचं तर ते आले, आणि धंदा त्यांच्या कडेकडेनं वाहत राहिला. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाला देशात पाचपाच वर्षांची पोरं विड्यांच्या खोल्यांत दहाबारा तास, दोन आण्यांइतक्या कमी मजुरीवर बसलेली सापडली. काही मुलं आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी गहाण टाकलेली होती. त्यावर १९३३मध्ये मुलांची मजुरी गहाण ठेवायला बंदी आली. १९३८च्या कायद्यानं बारा वर्षांखालच्या मुलांना काही कामांत घेणं बंद केलं, आणि त्या यादीत विडी होती. पण त्याच कायद्यात एक खिडकी होती. एखादा माणूस फक्त आपल्या कुटुंबाच्या मदतीनं काम करत असेल, भाड्याचा मजूर नसेल, तर ही बंदी लागू नाही. खिडकी ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. घरात आईशेजारी बसलेल्या पोराला कोण पकडणार, असा व्यवहारी विचार असेल. पण धंद्यानं तो दरवाजा करून घेतला. खोलीत वीस माणसं बसवली तर कारखान्याचा कायदा लागतो, मग खोली मोडा, पानं घरी द्या. मध्ये ठेकेदार घाला. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे कागदोपत्री पान-तंबाखू बाईला 'विकायचा' आणि तिच्याकडून विड्या 'विकत घ्यायच्या'. मग ती मजूरच उरत नाही, व्यापारी होते! मालक-मजूर असं नातंच नाही म्हटल्यावर तंटा तरी कुणाशी?

पुड्यावर चेहरा छापून 'हा माल माझा' म्हणणारा माणूस, तंट्याच्या कागदावर मात्र 'ही माणसं माझी नव्हेत' म्हणत होता. त्याच मालाबद्दल. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं न्यायालयांत याचा काथ्याकूट चालला. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका विडी कामगाराच्या भरपगारी रजेचा प्रश्न निकाली निघाला. कारखान्यात बसून विड्या वळणारा माणूस. बहुमताचं म्हणणं पडलं की हा वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, मालकाचं त्याच्या वेळेवर नियंत्रण नाही, सबब कायद्याच्या अर्थानं हा कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. मी वकील नाही. पण ज्याची विडी संध्याकाळी हातात घेऊन दाबून पाहिली जाते आणि फेकली जाते, त्याच्यावर नियंत्रण नाही हे मला काही केल्या पटत नाही.

अखेर १९६६मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचं एकोणचाळिसावं कलम मी शोधून वाचलं. कोणते तंटे झटपट सोडवायचे ते त्यात दिलं होतं: मालकानं दिलेला कच्चा माल, मालकानं नाकारलेल्या विड्या, आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी. आत्याचं ते ओट्यावरचं बोलणं कायद्याच्या भाषेत, जवळजवळ त्याच क्रमानं. घरी बसून वळणाराही त्या कायद्यानं कामगार ठरला. मालकांनी आव्हान दिलं, १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला.

लेबलाचा शेवट मजेशीर आहे. १ एप्रिल २०१६पासून तंबाखूच्या पुड्यावर पंच्याऐंशी टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागते. ज्या जागेसाठी मोरावर मोर काढले गेले ती जागा सरकारनं एका रोगट घशाला देऊन टाकली, मोर नि मालक कोपऱ्यात गेले. तेव्हा विडीवाल्यांनी बरीच ओरड केली, आणि त्यांचा मुख्य मुद्दा होता की लाखो गरीब बायकांचा रोजगार बुडेल. खरंच बुडण्यासारखा होता, त्यात शंका नाही. सिन्नरमध्ये विडी मागे पडत गेली, माळेगाव नि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आल्या, आत्याच्या नातवंडांतलं कुणी सूप मांडीवर घेतलं नाही, आणि घेऊ नये असंच मला वाटतं. पण छाटेच्या वेळी जी बाई मालकाची कुणीच नव्हती, तिची गणती लेबल वाचवायच्या वेळी बरोबर लाखांत झाली.

आत्याकडे विडी कामगार कल्याण निधीचं ओळखपत्र होतं. १९७६च्या कायद्यानं तो निधी निघाला, त्यातून दवाखाने, पोरांना शिष्यवृत्त्या वगैरे. ओळखपत्र मिळायला 'ही आमच्याकडे काम करते' असा कारखान्याचा दाखला लागे, आणि तोच मिळता मिळत नसे. तिला तो बऱ्याच खेटांनंतर मिळाला. पिवळट जाड कागद, डाव्या कोपऱ्यात फोटो, डोक्यावरून पदर, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. खाली तिचं नाव आणि त्याच कागदावर कारखान्याचं नाव. त्या कार्डावर पुढे तिला चष्म्याचे पैसे मिळाले. तोवर विड्या वळणं सुटलं होतं. चष्मा लावून ती पोथी वाचायची, आणि दोरा ओवायला मात्र सुनेलाच हाक मारायची.